हिरव्या लेबलावरचा लाल ठिपका

तेहतीस वर्षांच्या नोकरीतल्या बऱ्याच घटना आता मला जुन्या वह्यांमध्ये शोधाव्या लागतात. ही मात्र वही न उघडता सांगता येते, आणि सांगताना तोंडाला पाणी सुटतं. पोलीस खात्यातल्या फार थोड्या आठवणींबद्दल असं म्हणता येईल. नावं कुणाचीच देणार नाही. यातले बहुतेक लोक आजही डोंबिवलीत राहतात आणि भाजी घेताना मला भेटतात.

मी तेव्हा डोंबिवली पूर्वेच्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळी हजेरी झाली की आदल्या दिवसाची स्टेशन डायरी वाचायची, कोठडी पाहायची, मुद्देमालाच्या खोलीचं कुलूप स्वतः ओढून बघायचं आणि मग वहीत दिवसाच्या कामांची यादी करायची, हा माझा क्रम. त्या यादीची ठाण्यात थट्टा चालायची, तेही मला माहीत होतं. यादीने गुन्हा उघडकीला येतोच असं नाही, पण काही राहून जात नाही. तपासात जे राहून जातं, तेच पुढे कोर्टात नडतं.

गणपती नुकतेच झाले होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास एक निवृत्त विज्ञान शिक्षक आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून चकलीची पाच पाकिटं काढली आणि माझ्या टेबलावर रांगेत मांडली. मी काय झालं विचारलं. त्यांनी एका शब्दात सांगितलं, फसवणूक.

पाकिटं मानपाड्याच्या एका महिला बचत गटाची होती. त्या अकरा जणी एका गाळ्यात चकली, चिवडा, शेव करायच्या. त्यांच्या मालाची दोन लेबलं होती, हे मला त्या दिवशी कळलं. हिरव्या लेबलावर लिहिलेलं असायचं, ‘शेंगदाणा तेलात तळलेले. सरकी तेल वापरलेले नाही.’ पिवळ्यावर असायचं, ‘सरकी तेलात तळलेले. हे तेल जनुकीय बदल केलेल्या कपाशीच्या बियांचे असते.’ पिवळं थोडं स्वस्त, हिरवं थोडं महाग. आपल्याकडची बहुतेक कपाशी आता त्याच वाणांची आहे आणि तिच्या सरकीचं तेल फरसाणात सर्रास वापरलं जातं. फक्त पाकिटावर कुणी इतकं सरळ छापत नाही. या बायकांनी छापलं होतं.

सरांचं म्हणणं असं, की गेल्या चार महिन्यांत वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेल्या या पाचही हिरव्या पाकिटांतली चकली शेंगदाणा तेलातली नाही. घरात दोन्ही प्रकार येत असल्यामुळे त्यांना चव माहीत होती. दुसरं, पाचही पाकिटांवर मागे तारखेचा शिक्का वेगवेगळा, पण पुढे बॅच नंबर एकच, सत्तेचाळीस.

आमचे हवालदार खाण्याच्या बाबतीत तज्ज्ञ होते. त्यांनी सरांना विचारलं, की चकलीच्या तेलावरून कुणी पोलीस ठाण्यात येतं का. सर शांतपणे त्यांच्याकडे वळले.

“मला सरकीचा राग नाही. जनुकीय बदल केलेल्या पिकांचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवलाय, दोन्ही बाजू सांगून. माझं म्हणणं एवढंच, मी हिरवं वाचून हिरवं घेतलं. आत हिरवंच हवं.”

मी त्यांचा जबाब घेतला. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचा एक जुना विद्यार्थी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामगारांच्या सोयी पाहतो. त्या कारखान्याने यंदाच्या दिवाळी फराळाचं काम याच गटाला दिलं होतं. सरांनी कारखान्यालाही पत्र पाठवलं होतं. त्याची प्रत त्यांनी माझ्याकडे दिली, डाव्या बाजूला नीट भोकं पाडून.

पाकिटं पंचांसमोर सील झाली. हवालदार लाखेवर शिक्का मारताना इतके उदास दिसत होते, की त्यांना सांगावं लागलं, मुद्देमाल आहे, बघू नका. अन्न सुरक्षा खात्यातल्या अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, लेबलवर लिहिलेलं खोटं निघालं तर ती दिशाभूल, तेल कुठलंही असो. प्रत्येक पाकिटातली थोडी चकली त्यांच्या पद्धतीने प्रयोगशाळेत गेली, पाकिटं आमच्या कपाटात राहिली.

दुसऱ्या दिवशी गटाला बोलावण्याआधीच गट हजर झाला, अकराच्या अकरा जणी. ठाणे अंमलदारांच्या समोरचं बाकडं सहा माणसांचं. उरलेल्या उभ्या राहिल्या आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. मी अध्यक्षांना तेवढं आत बोलावलं. त्यांना सगळ्या ताई म्हणत, मीही ताईच म्हणतो.

ताई जवळच्याच चाळीत राहणाऱ्या. एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात त्यांनी बारा वर्षं काढली होती. कंपनी गुजरातला गेली, ताई इथेच राहिल्या. बॅच नंबर, नोंदवही, ‘आत काय आहे ते बाहेर लिहायचं’ ही शिस्त त्यांनी तिथून आणली होती. त्यांनी कारखान्याचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ.

“साहेब, आमच्यातल्या सात जणींनी या दिवाळीच्या भरवशावर धुणीभांडी सोडलीत,” त्या म्हणाल्या. “काम गेलं तर दुसरं बघू. पण खोटं लेबल लावणाऱ्या बायका म्हणून नाव झालं, तर त्या परत कुणाच्या दारात उभ्या राहणार?”

पाकिटं त्यांची नव्हेत, हे त्या ठामपणे सांगत होत्या. मी ते लिहून घेतलं आणि विश्वास मात्र राखून ठेवला. ठाण्यात आलेला प्रत्येक माणूस हे आपलं नव्हेच म्हणतो. मी त्यांच्या गाळ्यात जाऊन त्यांच्या हातचं एक हिरवं पाकीट पंचांसमक्ष घेतलं आणि कपाटातली पाच पाकिटं शेजारी ठेवून फरकांची यादी केली. नऊ फरक निघाले. कागदाची चकाकी, हिरव्या रंगाची गडद छटा, तोंडाच्या सीलची रुंदी, वगैरे. पाचव्या क्रमांकावर एक महत्त्वाचा होता. गटाच्या पाकिटावर बॅच नंबर ताई स्वतः पेनाने लिहीत आणि मागून बोट फिरवलं तर पेनाचा दाब जाणवे. सरांच्या पाकिटांवर तसंच अक्षर होतं, पण दाब नव्हता. म्हणजे ते छापलेलं होतं. कुणीतरी सत्तेचाळीस नंबरचं एक पाकीट समोर ठेवून हुबेहूब लेबल छापून घेतलं होतं.

इतकं कळलं तेव्हा ताईंवरचा माझा संशय गेला. पण पुढची वाट दिसेना. सत्तेचाळीस नंबरच्या बॅचची साठ पाकिटं निघाली होती आणि ती कल्याण, डोंबिवली, टिटवाळा अशी सगळीकडे गेली होती. त्यातलं नेमकं कुठलं पाकीट छापखान्यात गेलं, हे कसं शोधायचं?

दुसऱ्या दिवशी ताईंना परत बोलावलं. सोबत गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू आल्या होत्या. चकलीची भाजणी त्यांची. मी यादी मोठ्याने वाचत होतो. काही सुटलं असेल तर त्यांनी सांगावं, एवढाच हेतू.

“सात,” मी वाचलं. “डाव्या कोपऱ्यात लालसर डाग. छपाईतला दोष. पाचही पाकिटांवर एकाच जागी.”

काकूंनी चष्मा सरसावला आणि ते पाकीट मागितलं. सील असल्यामुळे मी प्लास्टिकच्या पिशवीतूनच दाखवलं.

“अहो साहेब, दोष कसला? हे माझं बोट आहे.”

ताईंनी वाकून पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं, ते बाहेरच्या अंमलदारांनाही ऐकू गेलं असणार. पाण्याचा ग्लास दिला तेव्हा कुठे त्या सांगू शकल्या. प्रत्येक बॅचचं पहिलं पाकीट सील झालं, की काकू त्यावर कुंकवाचं बोट लावायच्या. त्यांचं अनामिकेचं टोक लहानपणी जात्यात सापडून वाकडं झालेलं, म्हणून ठिपका गोल न उमटता एका बाजूला ओघळल्यासारखा उमटे.

“आम्ही बौद्ध, साहेब. माझ्याकडे कुंकवाचं काही नाही,” ताई म्हणाल्या. “पण पहिलं पाकीट तसंच गेलं तर काकूंना दिवसभर चैन पडत नाही. मी नंबर घालते, त्या बोट लावतात. पाच वर्षं असंच चाललंय.”

“आणि यांनी माझं कुंकू छापलं,” काकू म्हणाल्या. “हजारो पाकिटांना. आमच्या सासूबाईंनीसुद्धा इतकं लावलं नसेल.”

मी पेन खाली ठेवलं. छापखान्यात गेलेलं पाकीट साठातलं कुठलंतरी एक नव्हतं. ते बॅचचं पहिलं होतं. आणि पहिलं पाकीट हा गट कधी विकत नसे. ज्याचे आभार मानायचे त्याला ते द्यायचं, हा त्यांचा रिवाज. पॅकिंग खात्यात बारा वर्षं काढलेल्या बाईने त्याचीही नोंद ठेवली नसती तरच नवल. त्यांच्या नोंदवहीत शेवटचा रकाना होता, ‘पहिले पाकीट कोणास’. सत्तेचाळीससमोर एका वितरकाचा उल्लेख होता. या माणसानेच त्यांना टिटवाळ्याच्या नव्या वस्तीतली दुकानं मिळवून दिली होती. दिवस राखीपौर्णिमेचा, आदल्या वर्षीचा. काकूंनी त्या दिवशी त्याला राखी बांधली होती आणि मग पाकीट दिलं होतं.

काकूंचं हसू तिथे थांबलं. त्यांनी नोंद दोनदा वाचली आणि चष्मा डबीत घातला.

वितरकाला चौकशीला बोलावलं. चाळिशीचा, गोड बोलणारा, बसायच्या आधीच मला फराळाचा डबा पाठवायची भाषा करणारा. मी त्याला साधं विचारलं, की या गटाला तो कधीपासून ओळखतो. त्याने ओळख सांगितली आणि पुढे स्वतःहून म्हणाला, की राखीला दिलेलं पाकीट त्याने त्याच दिवशी घरी फोडलं, मुलांनी खाल्लं, पिशवी कचऱ्यात गेली. पाकिटाचा विषय मी अजून काढलाच नव्हता. माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊ लागला, की माझ्या वहीत त्याच्या नावापुढे एक चांदणी पडायची. चांदणी पडली. पण चांदणी हा पुरावा होत नाही. त्याला समज देऊन सोडलं आणि पाळतीवर एक माणूस ठेवला.

कारखान्याच्या मुदतीतले चार दिवस गेले होते. मी वागळे इस्टेट आणि आसपासच्या लेबल छापणाऱ्या छापखान्यांची यादी केली. बावीस निघाले. हवालदार आणि मी सकाळी निघायचो, एकेक नाव खोडत जायचो. हवालदारांना वाटत होतं, की अशा छापखान्याचा मालक आपण दिसताच दार लावून घेईल. मला वाटत होतं, त्याला आपण काही चुकीचं केलंय हे माहीतच नसेल.

सतराव्या छापखान्याचे मालक आम्हाला बघून खूश झाले. लेबल हातात घेऊन त्यांनी ते उजेडात धरलं आणि हे आपलंच काम असल्याचं अभिमानाने सांगितलं. ग्राहकाने नमुना दिला होता आणि हुबेहूब पाहिजे म्हटलं होतं.

“दोनच रंगांचं काम होतं साहेब, हिरवा आणि काळा,” ते म्हणाले. “पण नमुन्यावर हा लाल डिझाइन होता ना कोपऱ्यात. त्याच्यासाठी तिसरा रंग काढला मी. शेड जुळवायला अर्धा दिवस गेला. एक टक्का फरक दाखवा, पैसे परत.”

हवालदार फोन आल्यासारखं करून बाहेर गेले. खिडकीतून त्यांचे खांदे हलताना दिसत होते.

या धंद्याची एक चांगली पद्धत आहे. प्रत्येक कामाचं एक मोठं पाकीट असतं, त्यात ग्राहकाने दिलेला नमुना चिकटवलेला असतो आणि पसंतीची सही असते. म्हणजे उद्या भांडण नको. मालकांनी फळीवरून ते पाकीट काढून दिलं. आत चकलीची सोडवलेली, सपाट केलेली मूळ पिशवी होती. पेनाच्या दाबाचा सत्तेचाळीस. कोपऱ्यात खरं कुंकू, नखाने खरवडलं असतं तर निघालं असतं. खाली वितरकाची सही. पंचनामा करताना माझं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलंय, हे मी नंतर पाहिलं.

पाळतीवरच्या माणसाने वितरकाचा टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीतला बंद गाळा हेरून ठेवला होता. त्याच संध्याकाळी त्यावर छापा घातला. पोत्यात सुटी चकली, सील करायचं यंत्र, तारखेचा शिक्का आणि लेबलांची भेंडोळी मिळाली. प्रत्येक लेबलावर काकूंचं बोट.

वितरक या वेळी डब्याचं काही बोलला नाही. कामाचं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं तेव्हा तो सही बघत बसला. मग त्याने सगळं मान्य केलं, पण मान खाली घालून नव्हे. त्याचा युक्तिवाद तयार होता.

“साहेब, मी विष नाही विकलं. सरकीचं तेल या बायका स्वतः वापरतात, पिवळ्या पाकिटात. माझ्या चकलीत तेच तेल. कुणाच्या पोटात दुखलं? मी फक्त लेबलचा रंग बदलला.”

“मग पिवळंच का नाही छापलं?”

वकिलाला फोन करू का, असं त्याने विचारलं. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता, कबुलीजबाबाचे सोपस्कार व्हायचे होते, पण माझ्या मते ही केस तिथेच सुटली. पिवळं छापलं असतं तर ते वाचून काही लोकांनी घेतलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला तेवढीही संधी द्यायची नव्हती म्हणून त्याने हिरवं निवडलं.

काकू त्या वेळी पुरवणी जबाबासाठी आल्या होत्या. व्हरांड्यात तो त्यांच्यासमोर आला. मला वाटलं, रडतील किंवा ओरडतील. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं.

“राखी ठेवलीयेस की तीही कुठे छापायला दिलीस?”

तो म्हणाला, “काकू, चुकलं.” काकू म्हणाल्या, ते कोर्टाला सांग, आणि जबाबावर सही करायला आत आल्या.

सातव्या दिवशी मी कारखान्याला रीतसर पत्र दिलं, की गट या गुन्ह्यात आरोपी नसून त्याचीही फसवणूकच झाली आहे. ते नेऊन द्यायला सर स्वतः उभे राहिले. त्यांचं म्हणणं, पत्र मी लिहिलं होतं, मागे घ्यायलाही मीच जाणार. ताई, सर आणि हवालदार असे तिघं वागळे इस्टेटला गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी गटाचं काम कायम ठेवलं, आणि पुन्हा वाद नको म्हणून एक सूचना केली, की सगळ्यांना सरसकट शेंगदाणा तेलातला फराळ द्या. कुठल्याही व्यापाऱ्याने लगेच हो म्हटलं असतं. महाग माल जास्त खपत होता. ताईंनी विचारलं, कामगारांना विचारलंत का?

शेवटी नोटीस बोर्डाशेजारी दोन्ही लेबलं लावली आणि खाली नावांची यादी टांगली. प्रत्येकाने आपल्या नावापुढे हिरवं की पिवळं ते लिहायचं. हवालदारांनी त्या यादीचा फोटो मला पाठवला. मी आयुष्यात भरपूर याद्या केल्या, पण इतकी सुंदर यादी माझ्या हातून झाली नाही. काहींनी हिरवं लिहिलं होतं. काहींनी पिवळं, कारण तेवढ्याच रकमेत एक पाकीट जास्त येत होतं. एकाने लिहिलं होतं, आईला विचारून उद्या सांगतो. वेल्डिंग खात्यातल्या एकाने चिवडा हिरवा आणि चकली पिवळी मागितली होती, आणि गटाने त्याला तसंच बांधून दिलं.

आरोपपत्र मुदतीत दाखल झालं. पुढचं काम कोर्टाचं. अहवालात सरांची जीभ बरोबर निघाली.

या केसने मला काय शिकवलं, ते सांगतो. तोपर्यंत फसवणुकीचा गुन्हा म्हटला की मी पहिल्यांदा पाहायचो, माणसाचं काय गेलं. सोनं, पैसे, जागा. इथे सरांचं तसं काहीच गेलं नव्हतं. चकली खाल्ली, पचली. त्यांचं ठरवणं गेलं होतं. त्यांच्या ताटात काय यावं हे दुसऱ्या कुणीतरी परस्पर ठरवलं होतं आणि वर त्यांची संमती आहे असं छापलं होतं. जनुकीय बदल केलेलं अन्न चांगलं की वाईट, यावर बोलण्याइतका माझा अभ्यास नाही. शास्त्रज्ञांनी बोलावं, सरकारने नियम करावेत. पण पाकिटावर लिहायला काय हरकत आहे, हे मात्र मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. लोक घाबरतील म्हणून लिहू नका, असं सांगणारे पुढे मला बरेच भेटले. त्या प्रत्येकाला मी त्या कारखान्यातली यादी सांगतो. कुणी घाबरलं नाही. लोकांनी वाचलं आणि आपापलं लिहिलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी ठाण्याचा फराळ घेऊन ताई आणि काकू आल्या. टेबलावर हिरवी आणि पिवळी पाकिटं ओळीने लागली. सर त्यांच्या जबाबाची प्रत न्यायला आले होते. त्यांनीही पाकीट मागितलं. चष्मा लावून दोन्ही लेबलं वरपासून खालपर्यंत वाचली आणि पिवळं उचललं.

हवालदारांना ते सहन झालं नाही. “सर, एवढं रामायण केलंत आणि घेतलंत सरकीचंच?”

“हो,” सर म्हणाले. “कुरकुरीत हीच जास्त लागते.”

त्यांनी तिथेच पाकीट फोडलं आणि पहिली चकली हवालदारांपुढे धरली. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, हा मुद्देमाल नाही, खा.